गायरानावरचं पहिलं अतिक्रमण तणाचं असतं

गायरान हा शब्द आजकाल बातमीत येतो तो अतिक्रमणाचा हात धरूनच. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सांगितलं. त्यावर आपल्या राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा विचारणा केली, लाखो घरांना नोटिसा निघणार म्हणून गावागावांत घबराट झाली, मोर्चे निघाले. टीव्हीवर जेसीबी दिसला की आपल्याला वाटतं, गायरानाचा प्रश्न हाच.

या सगळ्या आरडाओरडीत एक अतिक्रमण कुणी मोजतच नाही. त्याची नोंद कुठल्याही उताऱ्यावर नाही, त्याला नोटीस लागू होत नाही, त्याच्या बाजूने मोर्चा निघत नाही आणि विरोधातही निघत नाही. काँग्रेस गवत, घाणेरी, वेडी बाभूळ, टाकळा. आपल्या बहुतेक गायरानांवर खरा ताबा आज यांचाच आहे. बाकीचे ताबे नंतर येतात. तण आधी येतं, मग जमीन 'पडीक' ठरते आणि पडीक जमिनीवर कुणीही बोट ठेवू शकतं. हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांब आहे, पण गुरं असलेल्यांनी आणि ग्रामसभेत बसणाऱ्यांनी वाचावी.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. जवळजवळ सगळी नोकरी नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) दक्षिण भागात, म्हणजे पाऊस कमी, माळ जास्त आणि दर चार-पाच वर्षांनी चारा छावणीची चर्चा, अशा पट्ट्यात. लोक सवयीने 'डॉक्टर' म्हणायचे. आता निवृत्त होऊन गावात राहतो, दोन गाई आहेत. जे लिहितोय ते गुरांच्या मागे फिरून बघितलेलं आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. गायरानात तण का माजतं? 'लोकांचं लक्ष नाही' हे उत्तर अर्धवट आहे. खरं कारण गाईच्या तोंडात आहे. गाय चांगलं गवत निवडून खाते. पवन्या, मारवेल, शेडा, डोंगरी, अंजन ही आपल्या माळावरची खरी चाऱ्याची गवतं. पावसाळ्यात ती कोवळी असतानाच जनावरं त्यांच्यावर तुटून पडतात. त्यांना ना मूळ धरायला वेळ मिळतो, ना बी धरायला. जे कडू, काटेरी, उग्र वासाचं आहे त्याला जनावर तोंड लावत नाही. म्हणजे आपण दरवर्षी गुरांच्या तोंडाने चांगल्या गवताची खुरपणी करतो आणि तणाला जागा मोकळी करून देतो. दहा-वीस वर्षं असं चाललं की माळावर उरतं ते फक्त जनावर खात नाही ते.

म्हणून 'तण काढा' एवढं म्हणून भागत नाही. काढलेल्या जागी काय येणार आणि त्याला किती महिने कुणी हात लावायचा नाही, हे ठरलं नसेल तर काढण्याची मजुरी पाण्यात गेली म्हणून समजा.

आता एकेक तण घेऊ, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि आपण सगळ्यांना एकच औषध लावतो.

पहिलं काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं आपण ऐकत आलोय. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे म्हणा किंवा तेव्हाच्या सत्तेमुळे म्हणा, नाव काँग्रेस पडलं. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली-गेली, गवत काही हललं नाही. एक झाड हजारोंनी बी टाकतं, बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि ओलावा मिळाला की उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पुन्हा फुलावर येतं. म्हणजे पावसाळ्यात एकदा उपटून फोटो काढला की काम झालं, असं होत नाही. त्याच पावसाळ्यात दुसरी आणि तिसरी पिढी उभी राहते.

उपटायचं तर फुलं येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला फडकं बांधून. याच्या परागांनी आणि स्पर्शाने अंगाला खाज सुटते, कातडी फाटते, दमा असलेल्याला त्रास होतो. फुलं येण्याआधी उपटलेल्याचं चांगलं कंपोस्ट होतं, फुलं आल्यावर उपटलेलं खड्ड्यात टाकलं तर बी शेतात जातं. फारच भुकेलं जनावर हे खातं तेव्हा दुधाला कडवट चव येते. डेअरीवर दूध परत आलं की घरात भांडणं होतात, पण दोष असतो माळावरच्या झाडाचा.

यावर एक भुंगाही आहे. मेक्सिकन भुंगा म्हणून ओळखतात. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणला आणि तपासण्या करून पुढे सोडला. त्याच्या अळ्या आणि भुंगे पावसाळ्यात याची पानं चाळण करून टाकतात. फुकट मिळणारा मजूर आहे, पण हिवाळ्यात जमिनीत जाऊन झोपतो आणि बिनपावसाच्या वर्षी फारसा दिसत नाही. त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही. मात्र माळावर औषध मारण्याआधी पानांवर हा भुंगा आहे का, एवढं तरी बघावं.

दुसरी घाणेरी, काही ठिकाणी टणटणी म्हणतात. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं झुडूप. आज देशातल्या वाघांच्या जंगलाचा मोठा भाग हिने व्यापलाय, तिथे आपल्या गायरानाची काय कथा. हिचा गुरांशी संबंध मी फार जवळून पाहिलाय.

एका दुष्काळी वर्षी शेजारच्या गावातल्या एका मावशींनी बचत गटाच्या कर्जातून बाजारातून गाय आणली. पहिलटकरू, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची. माळावर दुसरं काही हिरवं नव्हतं आणि बाहेरून आलेल्या जनावराला इथलं झाड माहीत नव्हतं. दोन दिवस गाय चरली, तिसऱ्या दिवशी खाणं बंद. मला बोलावलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, शेण कोरडं-घट्ट, नाकपुडीवर लालसर सूज आणि पांढऱ्या केसांच्या जागची कातडी उन्हाने भाजल्यासारखी सुटायला लागलेली. घाणेरीचं विष यकृतावर जातं आणि मग ऊनच जनावराला जाळतं. आम्ही गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधली, तालुक्याहून पशुवैद्यक आले, कोळशाची पूड पाजली, सलाइन झालं. गाय गेली. मावशी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, हप्ता तर चालूच राहणार ना?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. माळावरचं तण हा पर्यावरणाचा विषय आहे असं कुणी म्हटलं की मला तो हप्ता आठवतो.

घाणेरी कोयत्याने छाटली तर दुप्पट फुटते. जाळली तर खालून आणखी जोमाने येते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी दाखवलेली पद्धत सोपी आहे. जमिनीखाली साधारण तीन इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं. अख्खी जमीन खणायची गरज नाही. खोडाचा तो जमिनीलगतचा भाग निघाला की पुन्हा फूट येत नाही. पण पक्षी तिची फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात. म्हणून काढणीनंतर दोन-तीन पावसाळे माळावरच्या मोठ्या झाडांखाली चक्कर मारायची आणि लहान रोपं हाताने उपटायची. ही चक्कर कुठल्याही अंदाजपत्रकात नसते, आणि तिथेच सगळं फसतं.

तिसरी वेडी बाभूळ. हिची कथा शिकायची तर कच्छच्या बन्नीत बघावी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याने खारट जमीन पुढे सरकू नये म्हणून ही तिथे हजारो हेक्टरांवर लावली. आज बन्नीसारखं नावाजलेलं गवताळ रान हिने गिळलंय आणि बन्नी म्हैस, कांकरेज गाय सांभाळणारे मालधारी तिच्याशी झगडतायत. आपल्याकडेही ती सरपणासाठी, बांधासाठी म्हणून आली आणि ओढ्यांत, तळ्यांच्या पोटात घुसली. हिच्या शेंगा गोड, जनावरं आवडीने खातात. बी शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि शेणखतातच उगवतं. म्हणजे आपलीच गाय तिची पेरणी करते. वरून तोडली तर फुटते. फूट येते ती जमिनीलगतच्या आणि थोडं खालच्या डोळ्यांतून, त्यामुळे खोडाचा बुडखा फूटभर खोल काढावा लागतो. तेही शेंगा पिकण्याआधी.

पण इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. वेडी बाभूळ अनेक भूमिहीन घरांची चूल आहे, काहींचा कोळशाचा धंदा आहे. ती एका दिवसात जेसीबीने साफ करणं म्हणजे त्यांची चूल विझवणं. तुकड्या-तुकड्याने काढायची आणि निघालेलं लाकूड त्याच घरांना द्यायचं, हाच न्याय आणि हीच अक्कल. कारण काढायला मजूर म्हणून येणार तीच माणसं.

चौथा टाकळा. पावसाच्या सुरुवातीला याची कोवळी पानं आपण भाजी करून खातो, म्हणून कुणी याला शत्रू मानत नाही. पण चरून चरून उघड्या पडलेल्या माळावर टाकळ्याचं पीक उभं राहतं आणि खाली गवताचं एक पातं दिसत नाही. काँग्रेस गवताला मागे रेटायला टाकळा बरा, असंही सांगितलं जातं आणि रस्त्याच्या कडेला ते खरंही आहे. कुरणात मात्र एक न खाण्याजोगं झाड काढून दुसरं न खाण्याजोगं आणण्यात गाईचा काय फायदा? टाकळ्याला उपटायचीही गरज नाही. फुलावर आला की शेंगा धरण्याआधी विळ्याने सपासप कापायचा. दोन-तीन वर्षं बी पडू दिलं नाही की जोर ओसरतो.

"एवढं कशाला, फवारून टाका की!" हे हमखास ऐकायला मिळतं. मी औषधाच्या विरोधात नाही, शेतात सगळेच वापरतात. पण गायरान हे शेत नाही. तिथे शेळ्या वळणारी पोरं असतात, पावसाचं पाणी तिथून तळ्यात उतरतं, कुठल्या दिवशी कुणाचं जनावर येईल याचा भरवसा नाही. ग्लायफोसेट गवतासकट सगळं मारतं, आणि त्याच्या वापरावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंधही घातलेत. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं, गवत ठेवतं, हे खरं. पण माळावरचे रानमूग-रानकुळथासारखे वेलही त्यात जातात, आणि जनावरांना तेच पौष्टिक असतात. फवारलेल्या जागी किती दिवस गुरं सोडायची नाहीत हे डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते शेळ्यांमागच्या पोराला कोण वाचून दाखवणार? यवतमाळात २०१७ साली फवारणी करता करता मजूर दगावले, ते काही फार जुनं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे औषधाने जागा रिकामी होते, गवत येत नाही. रिकाम्या जागेवर पहिला हक्क पुन्हा तणाचाच.

मग करायचं काय? आमच्या गावात आम्ही काही जणांनी पाच एकरांवर करून बघितलं. मोठं काही नाही. पण जे कळलं ते सांगण्यासारखं आहे.

पहिली बैठक ग्रामपंचायतीत झाली तेव्हा मेंढरं राखणारे एक तात्या मागे उभे होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "कुंपण गवताला घालताय का आमाला, तेवढं आधी सांगा." सभेत शांतता पसरली. कारण प्रश्न बरोबर होता. ज्यांच्याकडे शेत आहे, ऊस आहे, मक्याची मुरघास आहे, त्यांच्या गाई गायरानात येतच नाहीत. गायरानावर जगतात ती शेळ्या-मेंढरंवाली, एका-दोन गावरान गाईंवाली, भूमिहीन माणसं. चराईबंदीचा ठराव टाळ्या वाजवून करणारे एक असतात आणि त्याची किंमत मोजणारे दुसरे.

त्या प्रश्नानंतर ठरलं ते असं. पूर्ण गायरान बंद करायचं नाही. एका वेळी एकच तुकडा बंद, बाकी चालू. बंद तुकड्यातलं गवत बी पडल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, विळ्याने कापायचं आणि पहिल्या पेंढ्या ज्यांची जनावरं तिथे चरायची त्यांना. फिरत्या मेंढपाळांचा वाडा दरवर्षी येतो, त्यांना उन्हाळ्यात कापणी झालेल्या तुकड्यात दोन रात्री बसू द्यायचं. त्यांच्या लेंड्यांचं खत मिळतं आणि नातं टिकतं. नियम मोडला तर कोंडवाडा सगळ्यांना सारखा, सरपंचांच्या म्हशीलाही.

पहिल्या वर्षी पावसाच्या तोंडावर घाणेरी मुळातून काढली. जुलैमध्ये काँग्रेस गवत उपटलं, ऑगस्टमध्ये पुन्हा, सप्टेंबरमध्ये पुन्हा. पहिल्या दमदार पावसानंतर मारवेलचे ठोंब लावले, पवन्याचं बी माती-शेणाच्या गोळ्या करून टाकलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती दिलेल्या आहेत, ठोंब मिळवायला फार खर्च येत नाही. काढलेल्या प्रत्येक जागी त्याच पावसात काहीतरी चाऱ्याचं लागलंच पाहिजे, हा एकच हट्ट धरला. त्या वर्षी दिसायला फारसं काही नव्हतं. येणारे-जाणारे हसले.

दुसऱ्या वर्षी काँग्रेस गवत निम्म्याहून कमी दिसलं, पण टाकळा उसळला. तो कापला. तिसऱ्या वर्षी मारवेल इतकी पसरली की मधे मोकळी माती कमीच उरली, आणि तणाच्या बियांना उजेडच मिळेना. तण माणसाने नाही, गवताने हरवलं. माणसाने फक्त गवताला तीन पावसाळे वेळ दिला. वाटेकडेला आणि ओढ्याकाठी काँग्रेस गवत आजही आहे, दर जुलैत जावंच लागतं. संपलं असं कधी म्हणता येणार नाही. पण त्या पाच एकरांत आता गाय सोडली तर ती मान खाली घालून चरते, नुसती भटकत नाही.

यात नवं काही नाही. आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदी-कुऱ्हाडबंदी करून, गवत कापून नेण्याची पद्धत बसवून हे फार पूर्वी दाखवलंय. आपण तिथे सहलीला जातो, सरपंचांबरोबर फोटो काढतो आणि परत येऊन गायरानाला काडी लावतो. हो, काडी. वणव्याने गवत चांगलं येतं हा समज अजून जात नाही. पहिल्या पावसाला जे हिरवं दिसतं त्यात कुसळी जास्त आणि चांगलं गवत कमी असतं, आणि जळालेल्या झुडपांच्या बुडातून घाणेरी सगळ्यात आधी वर येते.

आता सरकारी बाजू. दरवर्षी ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिच्या पुढाकाराने देशभर होतो. हेतू चांगला. पण आमच्या भागात पाऊस जूनमध्ये झाला तर १६ ऑगस्टपर्यंत पहिली पिढी फुलून बी टाकून मोकळी झालेली असते. तण कॅलेंडर बघत नाही. गावाने आपला सप्ताह आपल्या पावसाप्रमाणे धरावा. रोजगार हमीतून कुरण विकासाची कामं घेता येतात, पण एका कार्यालयात मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "खड्डे मोजता येतात, चर मोजता येतात. उपटलेलं तण कसं मोजणार?" बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या चौकटीत तीन वर्षं सलग चालणारी निगा बसतच नव्हती. आणि इथे निगाच लागते.

याचा शेवट कुठे होतो बघा. सरकारी नकाशांत आपली माळरानं 'पडीक जमीन' या सदरात मोडतात. त्यात तण माजलेलं गायरान म्हणजे दुहेरी पडीक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. पण जिथे गुरं चरतच नाहीत तिथे 'राखून ठेवली आहे' हे कुणाला पटवून देणार? २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गायरानं दिली जातायत. शेतीला दिवसा वीज मिळावी हे मलाही हवंय, रात्री पाणी धरायला मीही गेलोय. ग्रामपंचायतीला त्यातून वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात, ही रक्कम छोट्या गावाला कमी नाही. पण पाहणीला आलेल्या माणसाला माळावर कंबरभर गाजर गवत दिसलं, तर तो कागदावर 'वापरात नाही' असंच लिहिणार. आणि त्याचं चुकलं असं म्हणताही येणार नाही.

भूमिहीनांचा प्रश्नही याच मातीत आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी पडीक आणि गायरान जमिनी मागितल्या, त्यासाठी हजारो माणसं तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची कसणाऱ्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय त्या लढ्याच्या वाटेवरूनच आला. ज्या कुटुंबाने खडक फोडून दोन एकर कसायला घेतले त्याला आणि काँग्रेस गवताला एकाच रांगेत उभं करणारी चर्चा मला मान्य नाही. पहिल्याने निदान जमीन जिवंत ठेवली.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरलं. छान. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेला दिसला, तो काही आदर कमी झाला म्हणून नव्हे. देशी गाय परवडते ती मोकळ्या चराईवर. विकतच्या चाऱ्यावर ती गरिबाच्या दारात टिकत नाही. राज्यमातेच्या ताटात आपण काँग्रेस गवत वाढून ठेवलंय, आणि मग ती गोशाळेत का पोचली असं विचारतोय.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. परिषदा होतील, पोस्टर येतील. गावाने त्याची वाट बघू नये. पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा.

आपल्या गावचं गायरान किती, कुठल्या गटात, आणि त्यातलं किती आज गुरांच्या उपयोगाचं आहे? उतारा काढून, प्रत्यक्ष चालत जाऊन बघा.

तिथे कोणाची जनावरं चरतात? त्या माणसांना सभेत पुढे बसवा, ठराव त्यांच्याशी बोलून करा.

एकच तुकडा निवडा, पाच एकर चालेल. तीन पावसाळ्यांची जबाबदारी नावानिशी लिहून ठेवा. कुदळी, हातमोजे आणि गवताचे ठोंब एवढाच पहिला खर्च आहे.

आणि त्या तुकड्यावर गवत उभं राहिलं की कापणीची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत करा. किती पेंढ्या, कुणाला दिल्या, तारीख, सही. उद्या कुणी 'पडीक' म्हणत आलं तर ती वही पुढे करता येईल. घोषणेपेक्षा ती वही जास्त कामाची.

हे सगळं पावसाआधी ठरवावं लागतं. जूनमध्ये जमीन मऊ होते, ऑगस्टमध्ये उशीर झालेला असतो. तुमच्या भागात या तणांना काय म्हणतात, कुणी कसं आटोक्यात आणलंय, कमेंटमध्ये जरूर लिहा. विशेषतः मेंढपाळ आणि शेळीपालक मंडळींनी लिहावं, कारण या विषयावर त्यांचं ऐकून घ्यायची आपल्याला अजून सवय नाही. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाव राहिलं नाही तरी चालेल, कुदळ तेवढी उचलली गेली पाहिजे.